फळी, वूफर आणि मामंजींची खाट

मामंजींना भजनातला पखवाज नीट ऐकायचा असतो. म्हणून आमच्या अंथुर्ण्याच्या घरी भाऊजींनी खोक्याऐवजी उघड्या फळीवर स्पीकर बसवायचे काढले. खोका नसला की आवाज मोकळा येतो, हे खरे; पण वूफर पुढची हवा ढकलतो तेव्हाच मागची ओढतो. ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर लांब. अर्ध्या मीटरच्या फळीला ती सहज वळसा घालते, पुढची-मागची लाट एकमेकींना मारतात अन् खर्जच नाहीसा होतो!

उपाय दोन. एका फळीवर एकाऐवजी दोन सारखे वूफर, म्हणजे हवा दुप्पट हलते. आणि तेही जमिनीलगत, म्हणजे जमीन साथ देते. भाऊजींना चार-चार हवे होते. मी म्हटले, "खर्चाचं राहू द्या, पण दहा बाय बाराच्या खोलीत एवढी फळी उभी करायची कुठं?" शिवाय ती भिंतीपासून मीटरभर पुढे हवी. म्हणजे मामंजींचीच खाट बाहेर!

शेवटी दोन-दोनच घेतले आणि फळ्यांना चाके लावली. भजनापुरत्या पुढे ओढायच्या, एरवी भिंतीशी. मैत्रिणींनो, वूफर मोजण्याआधी खोली मोजावी, हे बरे!