ताटामागे सहा रुपये

३ जुलै २०२३
महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सदाशिव पेठेत मेसवालीइतके श्रीमंत कोणी नसते. अठ्ठावीस मुलांचे तीन-तीन हजार आगाऊ जमा झाले. खात्यावर चौऱ्याऐंशी हजार. एकजण म्हणालाही, “काकू, आता मोठा फ्रिज घ्याच.” पैसे आलेत खरे, पण जेवणे वाढायची राहिलीत. म्हणजे ही मुलांची उधारीच माझ्या डोक्यावर. मेसचे चालू खाते वेगळे काढले, भिंतीवरचा क्यूआरही त्याचाच लावला. घरखर्चाला त्यातले काढायचे ते रविवारी, आठवड्याची ताटे मोजून.

९ जुलै, रविवार
संध्याकाळी मेस बंद, म्हणून वही घेऊन बसले. महिन्याला छप्पन्न जेवणे, म्हणजे ताटाला साडेत्रेपन्न रुपये मिळतात. आता खर्च. ताटात चार पोळ्या. कणीक, तेल आणि लाटणावळ धरून बारा. भाजी, आमटी, भात, कोशिंबीर सतरा. गॅस पाच. जागेचे भाडे पंधरा हजार, ते ताटामागे साडेनऊ. भांड्यांच्या बाईंचा पगार चार. साडेसत्तेचाळीस झाले. उरले सहा.

लाटणावळ पोळीला दीड रुपया, म्हणजे पोळीवाल्या मावशींनाही ताटामागे सहाच. त्या लाटून झाल्या की घरी जातात. पहाटे मंडईत जाणे, हिशेब, भाड्याची काळजी आणि रात्री ओटा पुसणे हे सगळे माझ्या सहात. ह्यांना दाखवले तर म्हणाले, “पण मेस तुझी आहे ना?” आहे. म्हणूनच खर्चाच्या रकान्यात आजपासून ‘माझा पगार’ अशी ओळ घातली. त्याच्या खाली जे उरेल त्याला नफा म्हणायचे. सध्या त्या जागी शून्य आहे.

१२ जुलै
अन्नसुरक्षेची नोंदणी झाली. वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत, म्हणून वर्षाला शंभर रुपयांत भागले. त्यापुढे गेले की परवाना. जीएसटीची वीस लाखांची रेघ अजून लांब आहे.

१९ जुलै
अधिक महिना लागला आणि टोमॅटो शंभराच्या पुढे गेला. मंडईत लोक भाव विचारून पुढे सरकतात. आमटीत आता आमसूल, कोशिंबिरीत काकडी. मुलांनी दोन दिवस तोंडे वाकडी केली, मग विसरली. जुन्नरकडचा एक मुलगा मात्र खुशीत होता. घरचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात उतरला होता. वडिलांनी पुढच्या दोन महिन्यांचे मेसचे पैसे एकदम पाठवले. घेतले नाहीत. महागाईत आज घेतलेल्या पैशांत सप्टेंबरचे जेवण वाढायचे, हा सौदा मला परवडणारा नाही.

२२ जुलै
पतसंस्थेची पिग्मी सुरू केली, रोज शंभर. पैसे न्यायला तिथले काका वही घेऊन साडेचारला येतात, तेव्हाच नेमकी मुले चहाला जमतात. पिग्मीची ही पद्धत उडुपीची. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या पेढीने १९२८ साली रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली होती. दिवाळीत मुले गावी जातील, भाडे मात्र इथेच राहील. ही पिग्मी त्यासाठी.

२६ जुलै
खाड्यांवरून वाद. एकजण न सांगता गावी गेला आणि आठवड्याचे पैसे मागू लागला. मुले पैसा पैसा वाचवून परीक्षेची तयारी करतात, त्यामुळे तोडून बोलवत नाही. पण तो जेवला नाही म्हणून घरमालक भाडे सोडत नाही, भांड्यांच्या बाईही पगार कापून घेत नाहीत. वाचते ते कणीक-भाजीचे, लाटणावळीचे नि थोडे गॅसचे. नियम लिहून लावला: सलग तीन दिवस, आदल्या दिवशी सांगून, ताटाला तीस रुपये वजा. पूर्ण साडेत्रेपन्न परत दिले तर मीच खड्ड्यात जाईन.

१ ऑगस्ट
व्यावसायिक सिलिंडर शंभरेक रुपयांनी उतरला. ह्यांचे म्हणणे, आता दर वाढवायची गरज नाही. महिन्याला साडेचार सिलिंडर लागतात. बचत जेमतेम साडेचारशे. दीड हजारांवर ताटांत वाटली की तीस पैसेही होत नाहीत.

फळ्यावरचे ३००० पुसून ३३०० लिहिले. जुन्या मुलांना दिवाळीपर्यंत जुनाच दर, नव्यांना आजपासून नवा. दुपारी दोन नवी मुले येऊन फळा वाचून गेली. त्यातला एक संध्याकाळी परत आला. दराबद्दल बोललाच नाही. रविवारी दुपारी गोड असते का, एवढेच विचारले.