जाताना कोणतीही होडी चालते

दोन माणसांची हवेची कायाक घ्यायला गेलेले कुटुंब दुकानात पहिला प्रश्न विचारते तो वजनाचा. किती किलो पेलते? खोक्यावर आकडा छापलेला असतो, घरच्यांच्या वजनांची बेरीज त्याच्या आत बसते आणि सौदा ठरतो. पण तरंगणे ही हवेच्या होडीची सर्वांत सोपी परीक्षा आहे. आलां बोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९५२ साली साडेचार मीटरच्या रबरी होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला. कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत त्याला ६५ दिवस लागले. हवेची होडी बुडत नाही हे त्यानंतर कोणाला सिद्ध करून दाखवायची गरज उरली नाही. मात्र बोंबार वाऱ्याबरोबर गेला होता आणि त्याच होडीतून कॅनरीला परतायचे त्याच्या मनातही नव्हते. रविवारी सकाळी भंडारदऱ्याला मुलांना घेऊन पाण्यात उतरणाऱ्या माणसाची गोष्ट नेमकी उलटी असते. त्याला जायचे कुठेच नसते, पण जिथे गाडी उभी आहे तिथे परत यायचे असते. म्हणून आपल्या धरणांवर होडी निवडताना माझ्या लेखी एकच कसोटी सगळ्यांच्या वर आहे: समोरून वारा असताना, पुढे दमलेले मूल बसलेले असताना, मागे बसलेला एकच मोठा माणूस ती काठाला आणू शकेल का? लांबी, रुंदी, तळ, वजन, किंमत हे सगळे या प्रश्नाच्या मागून येते.

कसोटी एवढी कडक ठेवायला आधी पाणी समजून घ्यावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे बोलण्यात अजूनही नगरमध्ये, कुटुंबाने वल्हवावे असे पाणी बहुतेक सगळे धरणांच्या फुगवट्याचे आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण आणि त्याचा आर्थर लेक, म्हणजे आपला भंडारदरा. त्याच्या खाली निळवंडे. राहुरीजवळ मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर. आणि शेवगाव-नेवाशाच्या अंगाला जायकवाडीचा नाथसागर. ही पाणी दिसायला शांत असतात, कारण त्यांना प्रवाह जाणवत नाही. पण प्रवाह नसलेल्या पाण्यावर वारा हाच मालक असतो. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांब धावतो तितकी लाट मोठी होते. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद तिथे २७ किलोमीटर पसरलेला. त्यात उथळ, त्यामुळे लाट आखूड आणि उभी उठते. भंडारदऱ्याचे पाणी डोंगरांच्या कुशीत आहे म्हणून लोक ते सुरक्षित समजतात. पण धरण पूर्वेकडच्या टोकाला शेंडीला आहे आणि फुगवटा पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या दिशेने लांबत जातो. हिवाळ्यात पठारावर वारा साधारणपणे पूर्वेकडून येतो. म्हणजे शेंडीच्या बाजूने निघालेली होडी रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराच्या दिशेने आपोआप जाते, वल्हे नुसते टेकवले तरी पुरते. वल्हवणाऱ्याला आपण फार तरबेज आहोत असे वाटू लागते ते याच टप्प्यावर. मग होडी वळवायची वेळ येते. उन्हाळ्यात दिशा बदलते, पण दुपारनंतर वळवाचे ढग उठले की दिशेला अर्थच राहत नाही. काजवे पाहायला मे महिन्याच्या शेवटी अकोल्याकडे लोटणारी गर्दी नेमकी याच दिवसांत येते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. ती बोट कायाकपेक्षा कितीतरी मोठी होती.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा वीसवर गेला की होडीला मागे ढकलणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि वल्हवणाऱ्याचे दंड मात्र तेवढेच राहतात. हा जोर बसतो पाण्याच्या वर दिसणाऱ्या अंगावर. एकाच कंपनीच्या, दोन्ही बऱ्यापैकी स्वस्त अशा दोन होड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. इंटेक्सची एक्सप्लोरर के-२ ही ३१२ सेंटिमीटर लांब, ९१ रुंद आणि ५१ उंच. चॅलेंजर के-२ ही ३५१ लांब, ७६ रुंद, ३८ उंच. दोन्हींच्या खोक्यावर वजनाचा आकडा एकच, १८० किलो. आकड्यावर निवड करणाऱ्याला त्या सारख्याच. पण पहिली आखूड, रुंद आणि उंच असल्याने वाऱ्याला जास्त अंग देते, पाणी जास्त सारते आणि प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरवते. दुसरी त्याच ताकदीत सरळ आणि पुढे जाते. या दोघींत निवडायचे असेल तर दुसरी घ्यावी. तळाच्या मागच्या टोकाला खाली उतरलेले पाते, ज्याला दुकानदार फिन किंवा स्केग म्हणतात, ते हवेच्या होडीला नसेल तर ती होडी घेऊच नये. फक्त ते काढता येणारे असावे, कारण उथळ पाण्यात ते गाळात रुतते आणि मच्छीमारांच्या जाळ्यात अडकते. जाळे हा कोणाचा तरी रोजगार आहे. थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की लांबून वळसा घालावा.

यावर घरातून हमखास येणारा आक्षेप असा की मुले सोबत असताना रुंद होडीच बरी, ती उलटत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला काठाला धरून, कंबरभर पाण्यात, दोरी बांधून फिरवायचे असेल तर रुंद होडीसारखे सुख नाही. पण हवेच्या होडीत माणूस पाण्याच्या पातळीच्या जवळपास बसतो आणि दोन्ही बाजूंना फुगलेल्या नळ्या असतात. त्यामुळे ७५-८० सेंटिमीटर रुंदीतही ती पुरेशी स्थिर असते. त्यापुढची रुंदी स्थिरतेत थोडी भर घालते आणि वेगातून बरेच काढून घेते. पाऊण तासात परत येणारी होडी जर दीड तास वाऱ्यात अडकली, तर त्या जादा पाऊण तासात मूल थंडीने कुडकुडते, उभे राहू पाहते, रडते, आणि स्थिर होडीचा फायदा तिथेच संपतो.

तळाबद्दल मात्र थोडे रेंगाळायला हवे, कारण दुकानात तो कोणी तपासत नाही. स्वस्त होडीचा तळ मऊ असतो. माणूस बसला की बुडाखाली खळगा पडतो, होडी मधोमध खाली जाते आणि दोन्ही टोके वर उचलली जातात. वर आलेले नाक वाऱ्याच्या हातात सापडते. वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो धाग्यांनी जोडलेला तळ, म्हणजे ड्रॉप-स्टिच, अर्ध्या बारच्या वर दाब सहन करतो आणि फळीसारखा ताठ राहतो. पैसे वाढवायचेच असतील तर ते इथे वाढवावेत. खुर्च्या, पेल्याचे खण, पारदर्शक खिडकी यांवर नाही. नळ्यांसाठी मऊ पीव्हीसी असले तरी एकवेळ चालते, पण हवेचे कप्पे वेगवेगळे, किमान तीन हवेत, म्हणजे एक गेला तरी दोन काठापर्यंत नेतील. दाबाचे एक गणित आपल्या उन्हात फार महत्त्वाचे आहे. सकाळी २० अंशांना ०.१ बार जादा दाबाने भरलेली नळी काठावर उन्हात राहिली आणि आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर कापड ताणले गेले नाही असे धरल्यास तो जादा दाब दुपटीवर जातो. कारण पंपाने मारलेल्या जादा हवेबरोबर आतली सगळीच हवा तापते. कापड थोडे ताणते म्हणून प्रत्यक्षात वाढ जरा कमी होते, पण शिवण उसवायला तेवढी पुरते. उलट भर उन्हात घट्ट भरलेली होडी डिसेंबरच्या गार पाण्यावर टाकली की दहा मिनिटांत ढिली पडते. म्हणून होडी काठावर थोडी कमी भरावी, पाण्यावर ठेवावी, गार होऊ द्यावी आणि मग दाब पुरा करावा. जेवणासाठी बाहेर काढली तर सावलीत ओढावी आणि थोडी हवा सोडावी.

आता माणसांचा हिशेब. आई-वडील मिळून १३० किलो आणि दोन मुले मिळून ४५ धरली तर १७५ होतात. आकडा १८० च्या आत आहे, आणि पाणी, डबा, पंप, दोरी, लाईफ जॅकेट यांना पाच किलो उरतात. अशी भरलेली होडी तरंगते, पण वल्हवली जात नाही. छापलेल्या आकड्याचा पाऊण भाग हीच खरी मर्यादा धरावी, म्हणजे इथे १३५ किलो. त्यात दोन मोठी माणसे काठोकाठ बसतात, किंवा एक मोठा आणि एक मूल ऐसपैस. चौघांच्या कुटुंबाला दोनजणी होडी पुरत नाही, असाच याचा अर्थ. त्यावर म्हणतील, दोन होड्यांना दुप्पट पैसे कुठून आणायचे? दोन घेण्याची गरजही नाही. एका वेळी एक मोठा आणि एक मूल पाण्यात, बाकीचे दोघे काठावर, ही व्यवस्था मला दोन होड्यांपेक्षाही पसंत आहे, कारण काठावर नजर ठेवणारे आणि गरज पडल्यास हाक मारणारे जाणते माणूस राहते. मुलाने पुढे बसावे; मागे बसवलेले मूल काय करते ते दिसत नाही. लाईफ जॅकेट मुलाच्या वजनाचे आणि पायांमधून पट्टा असलेले हवे. पन्नास न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असते. पोहता न येणाऱ्या मुलाला शंभर न्यूटनचे घ्यावे, ते तोंड वर ठेवते. पोहता येणाऱ्यांनीही ते घालावेच. गावविहिरीत पट्टीचे पोहलेले लोकच इथे सर्वांत जास्त हट्टी असतात.

हवेचीच का, प्लास्टिकची टणक कायाक का नको? वाऱ्यात ती निःसंशय चांगली चालते. पण दोघांची टणक कायाक तीस किलोंच्या वर जाते, छताला बांधावी लागते, आणि आपल्या धरणांचा काठ स्थिर नसतो. ऑक्टोबरात गाडी उभी केली तिथून चार पावलांवर पाणी असते. मग आवर्तने सुटतात, खाली कालव्यांना आणि जायकवाडीला पाणी जाते, आणि मार्चपर्यंत तेच पाणी शेतांच्या पलीकडे सरकलेले असते. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कोणाचे तरी पीक उभे असते. त्यातून तीस किलोंचे धूड ओढत नेणे शेतकऱ्यालाही आवडत नाही आणि पाठीलाही. पंधरा किलोंची पिशवी पाठीवर मारून बांधाबांधाने जाता येते. अर्थात हवेच्या होडीचा वैरी याच काठावर असतो. मुळा आणि नाथसागराच्या कडेने वेडी बाभूळ माजलेली आहे, भंडारदऱ्याला काळ्या खडकाच्या धारा. काट्याने नळी फुटत नाही, हळूहळू बसते, आणि ते कळते पाण्याच्या मधोमध. होडी ओढू नये, उचलावी. खाली जुनी ताडपत्री अंथरून तिच्यावर फुगवावी. चिकटवायचे पॅच आणि डिंक होडीतच ठेवावा, गाडीत नव्हे.

वर्षातून दोनदा वापरायच्या वस्तूवर एवढा विचार आणि खर्च कशाला, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्यांना खरोखरच दोनदा जायचे आहे त्यांनी होडी घेऊच नये. स्थानिक नावाड्याला पैसे द्यावेत, त्याला पाणी माहीत असते. पण वर्षातून दोनदा वल्हवणाऱ्याचे हात कच्चे असतात, म्हणजे त्याला होडीची मदत जास्त लागते, कमी नाही. सराव असलेला माणूस वाईट होडीही परत आणेल.

आणि नदी? ती या होडीची जागा नाही. धरणांखालच्या प्रवरेत आवर्तन कधी सुटेल ते वल्हवणाऱ्याच्या हातात नसते, आणि बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली जो भोवरा करते त्यातून बाहेर पडणे प्रशिक्षित माणसालाही अवघड असते. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावला बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट प्रवरेत उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. फुगवट्यावरही परवानगीचे पाहावे लागते: पाणी जलसंपदा विभागाचे, भंडारदऱ्याच्या परिसरात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, नाथसागरावर पक्षी अभयारण्य. हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, वेळ सकाळची, आणि दिशा नेहमी आधी वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो.

होडी घरी आली की मुलांना त्यात बसवण्याआधी एक चाचणी करावी. वारा असलेला दिवस निवडावा, पुढच्या जागेवर मुलाऐवजी वीस लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन बांधावा, आणि एकाच मोठ्या माणसाने, जॅकेट घालून, काठाला समांतर पण वाऱ्याच्या विरुद्ध दहा मिनिटे वल्हवावे. काठावरचे एखादे झाड नजरेत धरावे. झाड मागे सरकत असेल तर होडी ठेवावी. ते जागच्या जागी राहिले तर आधी वल्हे बदलून पाहावे. रुंद होडीला सोबत मिळणारे वल्हे बहुधा आखूड असते आणि २३० सेंटिमीटरच्या वल्ह्याने फरक पडतो. तरीही झाड हलले नाही तर होडी परत करावी. त्यासाठी बिल जपून ठेवावे, आणि शिवणींतला चिखल धुऊन, पूर्ण वाळवूनच ती खोक्यात घालावी. ओली होडी कोणी परत घेत नाही.