आजीच्या कष्टाचा घास

“बसून खाणाऱ्याला किती लागतंय, डॉक्टर?” नायगाव परिसरातील वृद्ध रुग्णांच्या तोंडी हे वाक्य मी वारंवार ऐकतो. आपण घरावर भार आहोत, या भावनेने अनेकांचे जेवण खरोखरच कमी होते. वार्धक्य म्हणजे केवळ खाणारे तोंड, हा समज मात्र मानवजातीइतका जुना नाही.

टांझानियातील एयासी सरोवराभोवती हाडझा हा समाज शिकार आणि रानातील अन्नावर जगत आला आहे. मोठी शिकार रोज लाभत नाही. लाभली की मांस वस्तीत वाटले जाते. रोजचा भरवसा असतो तो स्त्रियांनी खणलेल्या कंदांवर. कठीण जमिनीतून कंद काढण्याचे बळ लहान मुलांत नसते. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेले निरीक्षण असे : घरात नवे बाळ आले की आईचे अन्न गोळा करणे घटते आणि तेव्हा थोरल्या मुलाचे वजन आजीच्या कष्टांवर अवलंबून राहते.

आपल्याच जिल्ह्यातील किनवटच्या रानात कोलाम कुटुंबे राहतात. अशा रानपट्ट्यांत मोहफुले वेचताना लहानथोर सारेच हात उपयोगी पडतात. आपल्या शेतकरी घरांत ज्वारी पेवात वा कणगीत साठू लागली, तेव्हा धान्य मोजून देणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान त्या साठ्याशी जोडला गेला. आता धान्य दुकानातून येते, पैसा शहरातल्या मुलाकडून. अन्नाची वाट बदलली आणि वृद्धांची घरातील जागाही डळमळली.

ती जागा परत देणे हा उपचाराचाच भाग आहे. भाजी निवडणे, डाळ पाखडणे, नातवाला भरवणे अशी झेपतील ती कामे त्यांच्याकडे असू द्यावीत. त्यांचे ताट सर्वांबरोबर वाढावे. दात नसतील तर भाकरी दुधात वा वरणात कुस्करून द्यावी. मऊ डाळ, दही, चालत असल्यास अंडे रोज असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. साठ किलोच्या व्यक्तीचे वजन सहा महिन्यांत विनाकारण तीन किलोंनी घटले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून न देता तपासणी करावी.

पोटभर जेवण्याचा हक्क कमाईवर ठरत नाही. तरीही जेवणारा हात घराच्या कामी येतो आहे, ही जाणीव भूक वाढवते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.