दीड पट

ऑफिसात मला कुणी "हे किती दिवसांत होईल?" असं विचारलं की मी मनात चार म्हणतो आणि तोंडाने सहा सांगतो. सगळेच सांगतात. त्याला आम्ही 'बफर' म्हणतो. ही सवय जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर झालं असं. आमचं घर कोल्हापूरजवळ, पंचगंगेकाठच्या एका गावात. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ साली पुन्हा महापूर आला, तेव्हा आमच्या जुन्या घराची मागची भिंत बसली. पप्पांनी ठरवलं, नवं घर खांबांवर बांधायचं, खाली मोकळं ठेवायचं. खांबही गोल, म्हणजे पाणी कडेनं सरळ निघून जातं. नऊ खांब, १८ इंच व्यासाचे, १० फूट उंच. प्रत्येकाखाली ५ बाय ५ फुटांचं, दीड फूट जाडीचं फुटिंग.

मिस्त्री मामांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर खडूनं हिशेब मांडला. पाच ब्रास काँक्रीट, ११२ पोती सिमेंट.

"गोल खांबाचं कसं धरलं, मामा?"

"चौकोन धरायचा आन् रुपयातलं वीस पैसं सोडायचं."

मी पुण्याला येऊन एक्सेल उघडलं. पाय आर स्क्वेअर वगैरे. नऊ खांबांचे १५९ घनफूट आले, मामांचे १६२. फुटिंगचे साडेतीनशेला थोडे कमी. एकूण पाच ब्रासच! इथवर मामा बरोबर. मग एम-२० चं प्रमाण, १ : १.५ : ३. म्हणजे साडेपाच भागांत एक भाग सिमेंट. पोतं सव्वा घनफुटाचं. उत्तर आलं ७२ पोती.

कुठे ११२ आणि कुठे ७२! मी पप्पांना फोन करून म्हणालो, "मामा चाळीस पोती खातायत." अगदी हेच शब्द. पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी ७२ मागवली. मामा नुसतं "बरं" म्हणाले.

फुटिंग भरायच्या शनिवारी मी मुद्दाम गेलो होतो. आठ खड्डे भरले, नववा निम्म्यावर आला आणि सिमेंट संपलं. वाळू-खडी शिल्लक होती, कारण ट्रक काय एक्सेल बघून येत नाही. मी हळूच म्हटलं, "शेवटच्या मालात वाळू वाढवून ओढता येईल का?"

मामा पहिल्यांदाच चिडले. "आठ पाय धड आन् नववा लंगडा करू व्हय? पाणी काय मोजून येतंय?"

उद्यावर टाकणंही शक्य नव्हतं. निम्मं काँक्रीट घट्ट झालं की वरचा माल त्याच्याशी एकजीव होत नाही, मध्ये सांधा राहतो. शेवटी पप्पा समोरच्या बांधकामावरून चार पोती उसनी घेऊन आले.

संध्याकाळी मामांनी घमेलंभर खडी घेतली आणि त्यात तांब्याभर वाळू ओतली. वाळू आत गेली. घमेलं होतं तेवढंच! खडीच्या पोकळीत वाळू बसते, वाळूच्या पोकळीत सिमेंट, आणि पाणी घालून ठासलं की सगळं आणखी खाली बसतं. म्हणून १०० घनफूट ओल्या काँक्रीटला कोरडा माल साधारण १५४ घनफूट लागतो. पुस्तकात हा १.५४ चा आकडा सरळ दिलेला असतो. मी तो बघितलाच नव्हता. माझा कोन, माझं वर्तुळ, सगळं बरोबर होतं. फक्त मी काँक्रीट मोजत होतो आणि विकत घ्यायची होती खडी, वाळू, सिमेंट.

मी मामांची माफी मागितली. कशाबद्दल, ते धड सांगता आलं नाही. ते म्हणाले, "असू दे, च्या घे."

मी रोज दीड पट सांगतो, त्याला बफर म्हणतात. मामांनी दीड पट सांगितलं तर मी त्याला चोरी म्हणालो, आणि त्यांची दीड पट तर खरी होती.

असो. पुढच्या आठवड्यात खांबांसाठी ३६ पोती आली. हिशेब मामांचा, फोन फक्त माझा. ७२, ४ आणि ३६. बेरीज तुम्हीच करून बघा.