दहा अक्षरं

इंग्रजी कवी अलेक्झांडर पोप मनातल्या मनात वाचता येत नाही. बोटं टेबलावर ताल धरतातच. ओळीला दहा अक्षरं, एकाआड एक आघात, मध्ये श्वासापुरता यती. आणि यमकाने दोन ओळी जुळल्या की अर्थ मिटतो, दाराच्या दोन फळ्या मिटाव्यात तसा. मोरोपंतांच्या आर्या पाठ केलेल्या माझ्या कानाला हे सुख अनोळखी नाही.

पोप जन्मला १६८८ साली. आदल्याच वर्षी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला होता. चंद्राचं फिरणं आणि समुद्राची भरती एकाच नियमाने चालतात, हा तेव्हाचा नवा दिलासा. पोपच्या द्विपदीत मला तो ऐकू येतो. पहिल्या ओळीत म्हणणं मांडायचं, दुसरीत ते तोलायचं. विचार अर्धा टाकून उठायची मुभा नाही. पण या ओळी लिहिणाऱ्याचा कणा लहानपणीच्या क्षयाने वाकलेला होता. उंची जेमतेम साडेचार फूट. कॅथलिक म्हणून विद्यापीठाचं दारही बंद. हे कळल्यापासून त्या नियमांना कोरडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हीच द्विपदी पुढे बॉस्टनमधल्या एका मुलीने उचलली. १७६१ साली, सात-आठ वर्षांची असताना, तिला आफ्रिकेतून आणून विकलं. जहाजाचं नाव तिला मिळालं, फिलिस. आडनाव विकत घेणाऱ्यांचं, व्हीटली. काळ्या माणसाला बुद्धी असते का, असा वाद त्या बुद्धिवादी शतकातले विद्वान घालत होते. फिलिस पोप वाचत होती आणि मोजून दहा-दहा अक्षरांत लिहीत होती. १७७३ साली तिचा संग्रह लंडनला छापला गेला, तेव्हा कविता तिच्याच आहेत अशी ग्वाही देणाऱ्या १८ प्रतिष्ठित बॉस्टनकरांची नावं त्यात घालावी लागली. सरळ, नेमक्या ओळींची साक्ष पुरली नाही.

छंद उसना घेतला, असा ठपका तिच्यावर आजही येतो. मला तो अन्याय वाटतो. जिचं नावसुद्धा दुसऱ्यांनी ठेवलं, तिच्या हातात स्वतः मोजावं, स्वतः जुळवावं असं एवढंच होतं.

पुढे तिला गुलामीतून मोकळं केलं गेलं. १७७९ साली दुसऱ्या संग्रहासाठी तिने वर्गणीदार शोधले. पुरेसे मिळाले नाहीत. १७८४ साली ती गेली. त्या कवितांचं हस्तलिखित अजून सापडलेलं नाही.