241 किलोंचा रुबाब

माझी उंची पाच फूट दोन इंच. सिग्नलला दोन्ही पाय नीट टेकतील अशा मोठ्या बाइक माझ्या वाट्याला फार थोड्या येतात, आणि त्यातल्या बहुतेक क्रूझर असतात. रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिऑर 650ची सीट जमिनीपासून 740 मिलिमीटरवर. बसल्या बसल्या वाटतं, ही आपल्यासाठीच केली. मग वजन कळतं: 241 किलो. त्याच घरची इंटरसेप्टर, तेच 648 सीसीचं इंजिन, वीसेक किलोंनी हलकी. पण तिच्यावर माझी फक्त बोटं टेकतात.

हे जास्तीचे किलो कुठून येतात? लांब व्हीलबेस, मोठी टाकी, जाड फोर्क. क्रूझरला रस्त्यावर पसरून बसल्यासारखं दिसायचं असतं, आणि पसरायला लोखंड लागतं. ऐंशीच्या वेगात ते जाणवतही नाही, उलट गाडी रुळावर असल्यासारखी चालते. जाणवतं ते बेसमेंटमध्ये. आमच्या सोसायटीत माझी पार्किंगची जागा रॅम्पच्या पायथ्याशी, उतारावर. तिथून ही गाडी मागे ओढायची, तर रिव्हर्स गिअर म्हणजे माझीच कंबर. (वॉचमनकाका 'ताई, स्कूटी बरी' म्हणतात. त्यांना वाद घालायला आवडतं.)

'वजनाशिवाय रुबाब येत नाही' असं मला शोरूममध्ये ऐकवलं गेलं. हे मला पटत नाही. हार्ले-डेव्हिडसनची सॉफ्टेल बघा. 1984 साली आली तेव्हा तिचा सगळा डाव लपवण्याचा होता: मागचं सस्पेन्शन गाडीच्या पोटाखाली दडवलेलं, जेणेकरून ती जुन्या, सस्पेन्शन नसलेल्या गाड्यांसारखी दिसावी. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस जुना, आतला कोड नवा. 2018च्या मॉडेलांत त्यांनी चौकटच नव्याने केली, सीटखाली एकच शॉक बसवला. काही मॉडेलं पंधराएक किलोंनी उतरली, आणि दिसायला ती सॉफ्टेलच राहिली. अर्थात तरीही फॅट बॉय तीनशे किलोंच्या पुढेच आहे, म्हणजे फार टाळ्या वाजवायला नकोत. पण रूप आणि वजन वेगळं काढता येतं, एवढं त्यातून दिसतं. ते काढायला डोकं आणि पैसा लागतो. लोखंड त्यामानाने स्वस्त.

मला मात्र गाडी हवीय याच वर्षी. म्हणून सेक्रेटरींना अर्ज दिलाय: माझी लिफ्टजवळची जागा घ्या, त्या बदल्यात कोपऱ्यातली, सपाटीवरची द्या. लिफ्टजवळच्या जागेला आमच्याकडे भाव आहे. उत्तर रविवारच्या मीटिंगमध्ये.