बिनटोकाचं बेचकं

२ फेब्रुवारी
मामांचा फोन. पाचोडजवळच्या त्यांच्या शेततळ्यात पावसाळ्यात सोडलेली बोटुकली आता वीतभराच्या वर गेलीत. "गळ घेऊन ये बापू, पण काठी टेकवायची ती टोकदार सळई घरीच ठेव. कागदाला भोक पडलं तर माझ्या मोसंबीला पाणी तू पाजणार का?"

नाथसागर जलाशय १९८६पासून पक्षी अभयारण्य. हौसेखातर तिथं गळ टाकणं मला पटत नाही. राहिली शेततळी. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, कडा उतरत्या, म्हणजे साधारण २२ लाख लिटर पाणी, आणि ते धरून ठेवणारा प्लास्टिकचा कागद ५०० मायक्रॉनचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. मामा उगाच ओरडत नाहीत.

८ फेब्रुवारी
काठीचा आधार जमिनीत न रोवता उभा करायला शहरातल्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून रंगाच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बादल्या आणल्या. पत्र्याचे डबे स्वस्त होते, पण त्यांच्या बुडाची धार कागदाजवळ नको. बादलीत मुरूम तिथंच भरायचा, निघताना ओतून द्यायचा. मोटारसायकलवर सिमेंट कोण वाहणार?

१३ फेब्रुवारी
पुढच्या बादलीसाठी बांबूच्या कांडक्यावर बाभळीचं बेचकं सुतळीनं आवळलं. ओली बाभूळ वाळताना चिरते. हे लाकूड मागच्या उन्हाळ्यापासून साल काढून माळ्यावर पडलेलं. खोबणीत ठिबकची १६ मिलिमीटरची नळी उभी चिरून बसवली. आता काठीला चरा पडणार नाही.

खरी मेख मागच्या बादलीत. तिथंही बेचकंच ठेवलं, तर मोठ्या माशाच्या पहिल्याच हिसक्याला काठी पाण्यात. म्हणून पीव्हीसी पाइपचा तिरपा तुकडा घातला, काठीची मूठ त्यात खोल जाते. दुकानात पाहिलेले स्टँड सगळे टोकदार. ते बनवणाऱ्यांनी शेततळं पाहिलेलं नसावं.

२२ फेब्रुवारी
पाचोड. कागदाची कड बांधाच्या माथ्यावर चरात पुरलेली असते, त्यामुळे बांधावरही काही रोवायचं नाही. बादल्या मुरमानं भरून ठेवल्या. मोसंबीला पाणी चालू असल्यानं पातळी उतरलेली, उघडा पडलेला कागद शेवाळानं बुळबुळीत. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मी शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून तळाला सोडली. दुपारी मृगळानं ओढ घेतली. काठी वाकली, बादली जागची हलली नाही. "काट्यांचा मासा आणलास," मामी म्हणाल्या, तरी कालवण केलंच.

मुठीला बांधलेली दोरी बांधाबाहेरच्या लिंबाला अडकवली होती. काठी गेलीच, तर तिच्यामागं उतरायचं नाही. ओल्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेततळ्यावर गळ टाकायला जाल तेव्हा गाठी मारलेला जाड दोर कडेवरून पाण्यात सोडलेला आहे का, ते आधी बघा. नसेल तर मालकाला सांगून तो बांधून घ्या, बेचकं त्यानंतर मांडा.